केसभर पुढे

चौकातला दिवा लाल झाला म्हणून तो थांबला, आणि समोरच्या फुटपाथवर त्याला ताई दिसली. चष्म्याच्या दुकानातून ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली असावी. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी तळव्यांचे बूट. तिच्या मागून एक सायकलवाला घंटी वाजवत येत होता, आणि आता काय होणार ते त्याला ठाऊक होतं, इतकं ठाऊक की तो पाहायच्या आधीच पाहून मोकळा झाला होता. ताई हनुवटी डावीकडे नेईल, अगदी केसभर, मग खांदा जाईल, मग उरलेली ताई, आणि वळता वळता तिला तो दिसेल. म्हणून त्याने हात अर्धा वर केलाही. पण ताई उजवीकडे वळली. हनुवटी डावीकडे गेलीच नाही. सायकलवाल्याला वाट देऊन ती सरळ चालू पडली आणि कोपऱ्यावरच्या गल्लीत शिरली. दिवा हिरवा झाला, मागच्या माणसाने कोपराने ढोसलं, तरी तो हात तसाच धरून उभा. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं त्याला झालं. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. एक मध्यमवयीन बाई रस्त्यात उजवीकडे वळली होती.

पण त्याचं पोटच या अंदाजावर चालायचं. आपण करता काय, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, पळत्या गोष्टींवर चित्रं टाकतो. भिंतीवर चित्र टाकणं सोपं, भिंत काही उठून जात नाही. नाचणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर टाकायचं, म्हणजे तो चेहरा वळला, झुकला, गिरकीत गेला तरी चित्र त्वचेला चिकटून राहिलं पाहिजे, हे काम निराळं. नाचणारीच्या चेहऱ्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या शाईचे बारीक ठिपके काढायचे. कॅमेरा ते ठिपके पाहतो, यंत्र हिशेब करतं, प्रोजेक्टर चित्र फेकतो. हे सगळं पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा होतं, आणि तरीसुद्धा उशीर होतोच. पाहणं आणि फेकणं यांच्यामध्ये जी फट राहते तेवढ्यात चेहरा पुढे गेलेला असतो. म्हणून चित्र चेहरा आहे तिथे टाकायचं नसतं, चेहरा जिथे असणार तिथे टाकायचं असतं, केसभर पुढे. कुठे असणार हे यंत्राला कसं कळतं, तर सवयीने. त्या त्या माणसाची हालचाल पाहून पाहून ते शिकतं. केबिनमध्ये त्याच्यासमोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ असायची. रेघ आडवी झोपलेली असली म्हणजे चित्र चेहऱ्यावर नीट बसलंय, रेघ उठली की चित्र घसरलं. गेली कित्येक वर्षं ती रेघ झोपूनच होती, कारण नाचणारी ताई होती आणि केबिनमध्ये तो होता. नाच बसवणारी बाई (तिला सगळे नुसतं बाई म्हणत, आणि तिच्या नाकावर माशी बसत नसे) लोकांना कौतुकाने सांगायची की या भावंडांच्या मध्ये फट नाहीच. हे ऐकलं की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलेलं दिसू नये म्हणून तो उगाचच प्रोजेक्टरचा पंखा पुसायला घ्यायचा.

रस्ता ओलांडून तो तालमीच्या हॉलकडे निघाला, पण डोक्यात ती हनुवटी अडकून बसली होती. तिचं मूळ ताईच्या उजव्या कानात होतं. ती लहान असताना मोठा ताप आला होता, ताप उतरला तो उजवा कान घेऊन. तेव्हापासून घरात सगळे तिच्या डावीकडे बसू लागले. जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायम ओस, आणि दुसऱ्या बाजूला आई, बाबा आणि तो, कोपराला कोपर लावून. रस्त्याने जाताना तो तिच्या डाव्या हाताला चालायचा, मग त्या बाजूला चिखल असो की गटार. आणि ताई कुठेही वळायची तर आधी तो चांगला कान पुढे करायची, मग बाकीचं अंग. घरात याचं कुणाला काही वाटत नसे. पुढे ती नाचायला लागली तेव्हा पाहणाऱ्यांना ती लकब फार आवडली. वळण्याआधी ती जणू काहीतरी ऐकते, असं कुणीतरी छापूनही आणलं, आणि त्या रात्री स्वयंपाकघरात बहीणभावांनी पोट धरून हसून घेतलं होतं. काहीतरी ऐकते म्हणे! दुसरं करणार काय बिचारी, एकच कान होता.

मग मागच्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या प्रयोगानंतर ती केबिनमध्ये आली, ओल्या कापसाने तोंडावरचे ठिपके पुसत बसली आणि म्हणाली की आता बास, गुडघे ऐकत नाहीत. त्याला ती चेष्टा वाटली. दर हंगामाच्या शेवटी ती काहीतरी असं म्हणायचीच. पण महिन्याभरात तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. फोनवर ती आनंदाने सांगत होती की लोक समोर स्थिर बसतात रे, हलत नाहीत, त्यांच्या नाकाचं माप घेता येतं. तो हं हं म्हणत राहिला. त्याला राग आला होता, आणि आपल्याला राग आलाय हे कळूनही त्याने त्याचं काही केलं नाही. रविवारी तिच्याकडे जाणं आधी कमी झालं, मग थांबलं. बायकोने विचारलं तर काम आहे म्हणाला. ताईचा एवढा काय गुन्हा झाला, असं ती विचारणार हे ओळखून त्याने आधीच उत्तर देऊन टाकलं की मी कुठे काय म्हणतोय. बायको म्हणाली, मी वेगळंच विचारणार होते, पण जाऊ दे. ही तिची जुनीच तक्रार होती. माझं वाक्य मला पुरं करू देत जा, असं ती लग्नापासून सांगत आली होती. त्याला वाटायचं, शेवट ठाऊक असताना माणसाने वाट कशाला पाहायची.

ताईच्या जागी आली ती नवी. तिला नावाने कुणी हाक मारत नसे, नुसतं नवी. विशी ओलांडलेली, चपळ, कमी बोलणारी. पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालेलं, ते हातचं जाऊ नये म्हणून जीव तोडून मेहनत करणारी. आणि पहिल्या दिवसापासून तिच्या चेहऱ्यावर चित्र बसेना. नाचात एकच बाई एकामागून एक मुखवटे घेते, मूल, मग कोल्हीण, मग दगड, मग म्हातारी, सगळे उजेडाचे. नवीने वळण घेतलं की म्हातारीचं तोंड गालावर सरकायचं, कोल्हिणीचा डोळा कानावर जायचा, आणि रेघ ताडकन उठायची. बाई अंधारातून विचारायची, काय होतंय. तो माइकवरून शांतपणे सांगायचा की हिची मान उशिरा येते. एवढं एकच वाक्य. केबिनमधून आलेलं वाक्य म्हणजे जणू मोजमापच, त्यावर कोण काय बोलणार? मग नवी बाहेर व्हरांड्यातल्या आरशासमोर मान फिरवत राहायची, एकदा, परत एकदा, परत. हल्ली ती मानेला गरम पट्टा बांधून यायची. आज सकाळी बाईने त्याला फोनवर सांगितलं होतं की उद्याच्या तालमीतही हेच राहिलं तर ती नवीला घरी पाठवणार, दुसरी एक मुलगी तिने पाहून ठेवली आहे. त्याने बरं म्हटलं होतं. मुलीसाठी त्याला वाईट वाटलं, पण यंत्र काय खोटं बोलतं?

इथे एक गोष्ट होती, आणि ती त्याला नीट माहीत होती. यंत्राच्या शिकण्याला एक कळ होती. ती चालू असली की यंत्र समोरच्या माणसाच्या सवयी उचलतं आणि जुन्या पुसत जातं. नवीची पहिली तालीम सुरू व्हायच्या आधी त्याने ती बंद केली होती. मदतनिसाने कारण विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की हंगामाच्या तोंडावर बदल नकोत, गोंधळ होतो. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. पण कळ दाबताना त्याच्या मनात हंगाम नव्हता. एवढ्या वर्षांची ताई त्या डबड्यात होती, तिचं वळणं, थांबणं, गिरकीतून बाहेर येताना घेतलेला श्वास, आणि चार तालमींत ही कुठली कोण पोर ते सगळं पुसून टाकणार होती. त्याने कळ बंद केली आणि तो विचारही तिथेच बंद केला. त्यानंतर रेघ उठायची तेव्हा त्याचा हात त्या कळीकडे एकदाही गेला नाही. तो नवीच्या मानेकडे पाहायचा.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने कितीतरी दिवसांनी ताईला फोन लावला. खुशाली वगैरे राहिली बाजूला, दुपारी उजवीकडे का वळलीस, एवढंच त्याने विचारलं. ताईला आधी कळेचना. मग ती हसली, म्हणाली की त्या गल्लीत पोहण्याचा तलाव आहे, गुडघ्यांसाठी दुपारी जाते, पण तू रस्त्यात होतास तर हाक का नाही मारलीस. तो एकदम म्हणाला की उद्या तालमीला ये. नवी मुलगी आहे, तिचं काहीतरी चुकतंय, तू पाहा आणि सांग. असं बोलताना आपल्याला नेमकं काय हवंय हे त्याला माहीत होतं. ताईने यावं, पाहावं आणि सगळ्यांसमोर म्हणावं की नाही, हिला जमत नाही. ताईखेरीज हे कुणालाच जमत नाही, हे एकदा ताईच्याच तोंडून ऐकलं की तो सुटला असता.

ताई आली, मागच्या रांगेत केबिनच्या काचेशी बसली. बाईने तिला मिठी मारली, नवीने लांबून नमस्कार केला आणि मानेचा पट्टा सोडून खुर्चीवर ठेवला. तालीम सुरू झाली. मूल ठीक होतं, मूल फार हलत नाही. कोल्हिणीला रेघ उठू लागली. म्हातारी आली आणि पहिल्याच वळणाला तोंड गालावर गेलं, मग कपाळावर, मग नवी थांबली आणि म्हातारीचा अर्धा चेहरा तिच्या शेजारी नुसत्या हवेत, मागच्या काळ्या पडद्यावर पडून राहिला. नवीने हात खाली सोडले. बाई काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट असतं हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याने माइककडे हात नेला. तेवढ्यात ताई केबिनच्या दारात आली.

"अरे, ही माझी मान आहे," ती म्हणाली.

त्याला वाटलं ती मुलीबद्दल बोलतेय, नक्कल करते म्हणतेय. त्याने लगेच होकार भरला, आधीच. ताईने मान हलवली. ती नाही रे, चित्र. चित्र बघ कुठे जातंय. मुलगी सरळ वळते, तिला दोन कान आहेत. तुझं चित्र आधी डावीकडे जातंय, कान पुढे करून. ते मला शोधतंय.

त्याने केबिनमधल्या पडद्यावर मागच्या वळणाचं चित्रण परत लावलं, सावकाश. म्हातारीचा चेहरा नवीच्या चेहऱ्याआधी डावीकडे सरकला, केसभर, ऐकल्यासारखा, आणि नवीचा चेहरा दुसऱ्या बाजूने सरळ निघून गेला. मान कुठेही उशिरा येत नव्हती. एवढे दिवस तो ती रेघ पाहत होता, डोळ्यांत तेल घालून, आणि रेघ कुठल्या बाजूने उठते हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या कानशिलांत गरम झालं. पण त्या गरमाईखाली, खोटं कशाला बोला, त्याला थोडा आनंदही झाला. म्हणजे ताई होती अजून, शाबूत, तिथल्या तिथे. तिने एकदा उभं राहावं. एकदाच, म्हणजे सगळ्यांना कळेल की यंत्र चोख आहे. हे त्याने तिला असं सांगितलं की जणू तपासणीसाठीच हवंय. ताईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली आणि बूट काढले.

मदतनिसाने तिच्या चेहऱ्यावर ठिपके काढले. नवी रंगमंचाच्या कडेला उभी राहिली, हातांची घडी घालून. ताई उजेडात आली आणि म्हातारीचा मुखवटा तिच्या चेहऱ्यावर बसला. रेघ झोपली. त्याच्या छातीतून मोठा श्वास गेला. त्याने संगीत लावलं, ताईने गुडघ्यांना सांभाळत पहिलं वळण घेतलं, आणि चित्र डावीकडे गेलं. ताई गेली नाही. ती सरळ वळली, त्या चौकातल्यासारखी, आणि म्हातारीचं तोंड तिच्या गालावरून घसरून मागच्या पडद्यावर पडलं. रेघ नवीच्या वेळी उठायची तेवढीच उठली. ताईला ते जाणवलं असावं. तिने दुसरं वळण घेतलं, मग तिसरं, आणि तिन्ही वेळा प्रकाशाचा तो चेहरा कान पुढे करून एका बाजूला गेला आणि ताई दुसऱ्या. मग ती थांबली आणि हसायला लागली. तिने केस मागे सारले. उजव्या कानामागे एक इवलंसं करड्या रंगाचं यंत्र होतं, आणि त्याची पारदर्शक तार कानात गेली होती.

"चार महिने झाले," ती तिथूनच त्याला म्हणाली. "आता दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. तुला सांगणार होते, पण तू येतोस कुठे."

तो काचेमागे बसून राहिला. चार महिने. हे यंत्र घ्यायला ती एकटीच गेली असेल, किंवा दुकानातलं कुणी बरोबर असेल, पहिल्यांदा उजवीकडून आवाज आला तेव्हा दचकली असेल, कुणाला तरी फोन करावासा वाटला असेल. मुखवटा पडद्यावर पडला होता आणि इकडे ताईचा चेहरा उघडा होता, नुसत्या पांढऱ्या उजेडात, घामाने ओला. एवढी वर्षं तो या चेहऱ्याकडे टक लावून होता, आणि एवढी वर्षं त्याच्यावर काहीतरी टाकत होता. म्हातारीचा मुखवटा चितारला गेला तेव्हा ताई पस्तिशीची होती. चित्रकाराने सुरकुत्या कपाळावर घातल्या होत्या. खऱ्या आल्या त्या ओठांच्या कडांना, हसून हसून आलेल्या, आणि कपाळ अजून गुळगुळीत होतं. हे त्याला माहीत नव्हतं. ज्या ताईला पुसू द्यायचं नाही म्हणून त्याने एका मुलीची मान मोडत आणली होती, ती ताई त्या डबड्याखेरीज कुठेच नव्हती. समोर जी उभी होती तिच्याबद्दल त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं. त्याला रडू येईलसं वाटलं, आणि ते माइक बंद आहे ना हे पाहून थोडं आलंही.

मग त्याने माइक चालू केला. मूग गिळून बसता आलं असतं. कळ गुपचूप चालू केली असती तर थोड्या वेळात सगळं सुधारलं असतं, आणि नवीला वाटलं असतं, आरशाने गुण दिला. तो म्हणाला की चूक नवीची नाही. यंत्राचं शिकणं मी बंद करून ठेवलं होतं, पहिल्या दिवसापासून. ते अजून जुन्याच सवयीवर चाललं होतं, आणि मान उशिरा येते हे मी जे सांगत होतो ते खरं नव्हतं. हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे प्रत्येक शब्द त्याला स्वतःलाच परत ऐकावा लागला. बाईने विचारलं, का बंद ठेवलं होतं. त्याने सांगितलं, ताई पुसली जाईल म्हणून. बाई म्हणाली की याबद्दल आपण नंतर बोलू, आणि त्या नंतरमध्ये बरंच काही होतं. आत्ता कामाला लागा.

ताई बूट घालता घालता म्हणाली की तिला दुकानात परत जायचंय. रविवारी ये, असं काही ती म्हणाली नाही, आणि म्हणेल असं त्याला वाटलंही नाही. मी येऊ का रविवारी, हे त्यानेच विचारलं. ती म्हणाली, दुपारी नको, पोहायला असते, संध्याकाळी ये.

नवी उजेडात येऊन उभी राहिली. त्याने कळ दाबली. हाताला फारसं काही जाणवलं नाही, बाकीच्या कळींसारखीच कळ होती ती. पहिल्या वळणाला चित्र डावीकडे गेलं, दुसऱ्याला थोडं कमी गेलं. पुढे कितीतरी वळणं ते दोघींच्या मध्ये घुटमळत राहिलं, धड ताईचं नाही, धड हिचं नाही, आणि तो ते पाहत राहिला. मग म्हातारीचे ओठ नवीच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. रेघ हळूहळू खाली बसली. अंधारातून बाई हं म्हणाली, आणि बाईचं हं म्हणजे मुलगी राहिली. नवीला ते कळलं असणार, पण तिने काही दाखवलं नाही. ती उजेडातच थांबून एका हाताने मानेचा मागचा भाग दाबत होती. मुखवट्याखाली तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"मान कशी आहे?" त्याने माइकवरून विचारलं.

ती बोलली नाही. एरवी एवढ्यात त्याने तिचं उत्तर तिच्या आधी देऊन टाकलं असतं, बरी आहे ना, चला पुढे. आता ती काय म्हणेल याचा त्याला काडीचाही अंदाज नव्हता. रागावेल, निघून जाईल, काहीच म्हणणार नाही. तो माइकची कळ दाबून धरून थांबला, आणि ती फार वेळ गप्प होती, तरी थांबला.

"दुखतेय," नवी म्हणाली. "रोज रात्री दुखते, दादा."

"हो," तो म्हणाला. मग त्याने म्हातारीचं चित्र बंद केलं, आणि तिचा चेहरा त्याला दिसला.